जुने भाग, नवा सांगाडा

एक्सेल उघडा, एखाद्या रिकाम्या सेलमध्ये ६० हा आकडा लिहा आणि त्या सेलला तारखेचं रूप द्या. पडद्यावर २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख उमटते. असा दिवस कधी उगवलाच नाही. शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग गेला, तरच ते लीप वर्ष ठरतं. १९०० ला चारशेने भाग जात नाही, त्यामुळे त्या वर्षीचा फेब्रुवारी २८ दिवसांतच संपला होता.

ही चूक एक्सेलची मूळची नाही. एक्सेल तारखा आकड्यांत साठवतं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, दुसऱ्या दिवशी २, असं मोजत पुढे जातं. ही पद्धत त्याआधीच्या लोटस १-२-३ या तक्त्यांच्या प्रोग्रॅममधली. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं आणि तेव्हाच्या कचेऱ्यांचे हिशेब लोटसमध्येच असत. ते तक्ते एक्सेलमध्ये उघडल्यावर तारखा एका दिवसाने सरकू नयेत, म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक समजून-उमजून उचलली. आज ती दुरुस्त करायची, तर १ मार्च १९०० पासून पुढच्या प्रत्येक तारखेमागचा आकडा बदलेल. जगभरच्या तक्त्यांमधले व्याजाचे, विम्याच्या हप्त्यांचे, निवृत्तीच्या तारखांचे हिशेब त्या आकड्यांवर उभे आहेत. म्हणून तो न उगवलेला दिवस एक्सेलमध्ये अजून आहे, आणि तो तसाच राहू देण्याचा निर्णय योग्यच आहे.

जुन्याशी जुळतं राहण्याच्या या गुणाला संगणकाच्या जगात बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. मराठीत सुसंगतता म्हणता येईल, पण हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत कुणी तसं बोलत नाही. तिथे प्रश्न येतो तो असा : ‘‘अपग्रेड करायचंय, पण आपलं सगळं कंपॅटिबल आहे का?’’ हा प्रश्न ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांचे महिनेच्या महिने त्याचं उत्तर शोधण्यात जातात. वापरणाऱ्याला या कामाचा पत्ताही नसतो, कारण ते नीट झालं की बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही.

आजचं कोणतंही सॉफ्टवेअर कोऱ्या पाटीवर लिहिलं जात नाही. खाली एक तयार सांगाडा असतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी बोलणं ही नेहमीची कामं हा सांगाडा करतो. त्यावर इतरांनी बनवलेले सुटे भाग बसवले जातात. कुणी पैसे भरण्याचा भाग बनवलेला असतो, कुणी फोटो लहान-मोठे करण्याचा, कुणी कॅलेंडरचा. अडचण अशी, की सांगाडा एकाच्या हातात असतो, सुटे भाग शेकडो लोकांच्या हातात आणि त्यांतून उभी राहिलेली इमारत तिसऱ्याचीच असते. सांगाड्याची नवी आवृत्ती आली, की या तिघांमधला जोड तपासला जातो.

जँगो या फ्रेमवर्कचं उदाहरण घ्यावं. त्याचा जन्म एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाची संकेतस्थळं सांभाळताना एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही हत्यारं घडवली. बातमीच्या धंद्यात आजचं काम उद्यावर टाकता येत नाही, ही निकड त्यामागे होती. २००५ च्या जुलैमध्ये जँगो सर्वांसाठी खुलं झालं. जाझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्यावरून त्याला नाव मिळालं. आज ते पायथन भाषेतलं सर्वांत परिचित वेब फ्रेमवर्क मानलं जातं आणि त्याच्यासाठी लिहिलेले सुटे भाग हजारोंच्या संख्येने आहेत.

समजा, एका नियतकालिकाच्या डेटाबेसमध्ये लेखकांचा एक तक्ता आहे आणि लेखांचा दुसरा. प्रत्येक लेख कुणातरी लेखकाशी जोडलेला आहे. एके दिवशी कुणीतरी लेखकाचं खातं काढून टाकलं. त्याच्या लेखांचं काय करायचं? पूर्वी जँगो स्वतःच ठरवत असे : लेखक गेला, की लेखही गेले. प्रोग्रॅमरने काही सांगितलं नाही, तर हीच रीत. चालकांच्या लक्षात आलं, की इतका मोठा निर्णय गुपचूप होता कामा नये. जँगो २.० पासून त्यांनी नियम केला, की अशा जोडणीत पुढे काय करायचं ते स्पष्ट लिहिलंच पाहिजे. लेख पुसायचे, लेखकाची जागा रिकामी ठेवायची, की लेख असेपर्यंत लेखकाला काढूच द्यायचं नाही, हे ज्याचं त्याने सांगावं. सांगितलं नाही, तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही.

नियम चांगला होता, पण त्या दिवशी असंख्य जुने सुटे भाग नव्या सांगाड्यावर चालेनासे होऊ शकत होते. तो धक्का जँगोने ज्या रीतीने हलका केला, ती शिकण्यासारखी आहे. सक्ती आली २०१७ च्या डिसेंबरमध्ये. तिची पूर्वसूचना मिळाली होती २०१५ च्या डिसेंबरमध्ये, १.९ या आवृत्तीत. मधली दोन वर्षं भाग चालत राहिले, फक्त चाचण्या चालवताना पडद्यावर इशारा उमटायचा, की हे २.० मध्ये चालणार नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, जे लिहायला सांगितलं जात होतं ते २०११ मधल्या १.३ या आवृत्तीलाही समजत होतं. सुट्या भागाच्या कर्त्याने एक शब्द वाढवला, की तोच भाग जुन्या सांगाड्यावरही चालायचा आणि नव्यावरही. दोन प्रती सांभाळण्याची वेळ कुणावर आली नाही.

अशा बदलाने काही मोडलं, तर ते आवाज करून मोडतं. प्रोग्रॅम थांबतो, कोणत्या ओळीवर अडला ते सांगतो, माणूस दुरुस्त करतो. खरी भीती असते ती आवाज न करता मोडणाऱ्या गोष्टींची.

डेल्फीच्या लोकांनी ती अनुभवली आहे. बोर्लंड कंपनीने १४ फेब्रुवारी १९९५ ला डेल्फी हे प्रोग्रॅम बनवण्याचं साधन बाजारात आणलं. अँडर्स हेल्सबर्ग त्याचे मुख्य रचनाकार. पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन त्यांनीच सी-शार्प आणि टाइपस्क्रिप्ट या भाषा घडवल्या. डेल्फीत खिडकीवर बटण ओढून आणायचं, यादी ओढून आणायची आणि प्रोग्रॅम जोडायचा, अशी सोय होती. ओढून आणण्याच्या या वस्तूंना कंपोनंट म्हणत. ते बनवून विकणाऱ्यांची एक बाजारपेठच उभी राहिली होती.

मग २००८ मध्ये डेल्फी २००९ आलं आणि अक्षराचा आकार बदलला. तोवर मजकुरातल्या एका रोमन अक्षराला एक बाइट लागायचा. जगातल्या सगळ्या लिप्या सामावणारी युनिकोड ही पद्धत स्वीकारल्यावर दोन लागू लागले. आता एक जुना कंपोनंट डोळ्यांसमोर आणा. त्यात कुणीतरी वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की नावात जितकी अक्षरं असतील तितके बाइट उचल आणि दुसऱ्या जागी ठेव. रोमन लिपीत ‘सुनंदा’ लिहायला सात अक्षरं लागतात. जुन्या डेल्फीत सात बाइट उचलले, की पूर्ण नाव पोचायचं. नव्या डेल्फीत त्याच नावाला चौदा बाइट लागतात, पण सूचना मात्र सातच उचलते. पोचतात तीन अक्षरं आणि चौथ्याचा अर्धा तुकडा. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सूचना बरोबर आहे. प्रोग्रॅम चालतो. सुनंदाबाईंच्या पावतीवर अर्धवट नाव छापलं जातं, आणि ते आधी दिसतं काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला.

त्यात आणखी एक अडचण होती. डेल्फीचे कंपोनंट कंपाइल केलेल्या स्वरूपात विकले, तर ते एका आवृत्तीपुरतेच चालायचे. पुढच्या आवृत्तीसाठी ते त्या आवृत्तीवर पुन्हा कंपाइल करावे लागत. मूळ कोड हातात असेल, तर हे जमतं. विकणाऱ्याने दुकान बंद केलं आणि गिऱ्हाइकाकडे फक्त कंपाइल केलेली फाईल उरली, तर त्या गिऱ्हाइकाचा सगळा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीतच अडकून पडतो. मूळ कोडशिवाय असा भाग विकत घेऊ नये, हा धडा अनेकांना त्या काळात मिळाला.

अक्षरांचा हाच प्रश्न पायथन भाषेलाही सोडवायचा होता, आणि त्याची कहाणी या क्षेत्रातली सर्वांत मोठी आहे. तिच्यात मराठी वाचकालाही थेट गुंतवणारं काही आहे. पायथन २ मध्ये साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ होती. युटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली, तर पायथन २ सांगायचं १५. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि या शब्दात चिन्हं पाच आहेत : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. रकाना दहाचा आहे म्हणून या शब्दाचे पहिले दहा बाइट कापले, तर उरतं ‘मरा’ आणि पुढे एक तुटका तुकडा. पायथन ३ त्याच शब्दाची लांबी ५ सांगतं. शाळेतलं मूल ‘म, रा, ठी’ अशी तीन अक्षरं मोजेल, तिथवर पायथन ३ सुद्धा पोचत नाही. पण एका चिन्हाचे तुकडे मात्र करत नाही.

म्हणजे मोडणं गरजेचं होतं. इंग्रजी सोडून इतर भाषा बोलणाऱ्यांसाठी तर फारच गरजेचं होतं. प्रश्न होता तो मोडायचं कसं याचा.

३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आलं. त्यात मजकुराची रीत बदलली, छापण्याची आज्ञा बदलली, भागाकारही बदलला. पायथन २ मध्ये ७ भागिले २ बरोबर ३ असत, आता साडेतीन होऊ लागले. चालकांची अपेक्षा होती, की लोक एकदा भाषांतर करून घेतील आणि पुढे जातील. त्यासाठी जुन्या कोडचं नव्यात रूपांतर करणारं अवजारही त्यांनी दिलं होतं. पण सुट्या भागांच्या कर्त्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांचे काही वापरकर्ते जुन्यावर आणि काही नव्यावर. एकाला भाषांतरित प्रत द्यायची आणि दुसऱ्याला मूळ, तर प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागणार. ते थांबले. ते थांबले म्हणून त्यांच्यावर अवलंबून असलेले थांबले. आणि वापरणारे थांबलेत म्हटल्यावर भाग बनवणाऱ्यांनाही घाई उरली नाही. ही कोंडी काही वर्षं टिकली.

ती फोडणारा उपाय कसा होता, हे मुंबईच्या लोकलने प्रवास केलेल्या माणसाला लगेच समजेल. उपनगरी मार्गांवर पूर्वी १,५०० व्होल्टची डीसी वीज होती आणि ती २५,००० व्होल्टच्या एसीवर न्यायची होती. एका रात्रीत सगळे मार्ग आणि सगळ्या गाड्या बदलणं शक्यच नव्हतं. म्हणून दोन्ही विजांवर धावणाऱ्या गाड्या आणल्या गेल्या. त्या धावत असताना मार्ग टप्प्याटप्प्याने बदलत गेला. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये आणि हार्बरचं २०१६ मध्ये. डब्यात बसलेल्या माणसाला आपण कोणत्या विजेवर चाललो आहोत, हे कळण्याचं कारणच नव्हतं.

पायथनमध्ये अशा दुहेरी गाडीचं नाव होतं ‘सिक्स’. दोन गुणिले तीन म्हणजे सहा, म्हणून सिक्स. बेंजामिन पीटरसन यांनी लिहिलेली ही छोटी लायब्ररी एका फाईलमध्ये मावते. सुट्या भागाने जुन्या-नव्याचा विचार न करता सिक्सला विचारायचं आणि सिक्सने हाताशी असलेल्या पायथनप्रमाणे उत्तर द्यायचं. जँगोने ती स्वतःच्या आत ठेवली होती. पायथन ३ चा प्रायोगिक आधार जँगोत २०१३ मध्ये आला आणि पायथन २ सुटलं ते २०१७ अखेरच्या २.० मध्ये. मधली चार-पाच वर्षं तोच जँगो दोन्ही विजांवर धावत होता.

पायथनच्या चालकांनी स्वतःची एक चूकही मागे घेतली, हे आवर्जून सांगायला हवं. पायथन २ मध्ये युनिकोड मजकुरापूर्वी ‘यू’ हे अक्षर लिहायची पद्धत होती. पायथन ३ मध्ये सगळाच मजकूर युनिकोड झाल्याने त्याची गरज संपली, म्हणून ते अक्षर अमान्य ठरवलं गेलं. एवढ्या एका अक्षरामुळे तीच फाईल दोन्हीकडे चालेना. २०१२ मध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीने ते अक्षर पुन्हा मान्य केलं. त्याला अर्थ काही उरला नव्हता, पण लोकांची वाट मोकळी झाली. भाषा स्वच्छ असावी या हट्टापेक्षा माणसांची सोय मोठी मानली गेली.

तरीही वेळ लागलाच. पायथन २ चा आधार २०१५ मध्ये संपायचा होता, तो २०२० पर्यंत वाढवावा लागला. पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम त्या काळात ड्रॉपबॉक्समध्ये नोकरीला होते, आणि त्याच ड्रॉपबॉक्सच्या डेस्कटॉप ॲपचं पायथन ३ वर जाणं २०१५ ला सुरू होऊन २०१८ ला संपलं. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार थांबला आणि त्या एप्रिलमध्ये त्याची अखेरची आवृत्ती निघाली. ३.० पासून मोजली, तर ११ वर्षं झाली होती.

जुन्या-नव्याची जुळणी सांभाळण्याचं हे काम करणारा माणूस रोज नेमकं काय करतो? जँगोसाठी सुटे भाग लिहिणाऱ्यांच्या कोडमध्ये बहुतेकदा ‘कंपॅट’ नावाची एक फाईल सापडते. जुन्या-नव्याची सगळी भांडणं त्या एका फाईलमध्ये कोंडायची, बाकी घरात ती येऊ द्यायची नाहीत, हा तिचा हेतू. जँगोत पानाचा पत्ता शोधून देणारं ‘रिव्हर्स’ नावाचं फंक्शन १.१० या आवृत्तीत एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात हललं आणि २.० मध्ये जुना पत्ता बंद झाला. कंपॅट फाईल म्हणते, आधी नव्या पत्त्यावर बघ, तिथे नसेल तर जुन्या पत्त्यावर जा. मग भागातल्या बाकीच्या पन्नास फाईल्स कंपॅटलाच विचारतात. जुन्या आवृत्तीचा आधार सोडायची वेळ आली, की या फाईलमधल्या दोन ओळी पुसल्या म्हणजे काम झालं.

इथे एक बारकावा आहे. ‘तू कोणती आवृत्ती आहेस?’ असं विचारण्यापेक्षा ‘ही सोय तुझ्याकडे आहे का?’ असं विचारलेलं बरं. डेल्फीत पहिल्या रीतीला पर्याय क्वचितच असे. तिथे डेल्फी ७ साठी १५० आणि डेल्फी २००९ साठी २०० अशा खुणा ठरलेल्या होत्या आणि कोडमध्ये त्या पाहून फाटे फोडावे लागत. दर नव्या आवृत्तीला खुणांची यादी वाढे. ब्राउझरांच्या जगात आवृत्ती विचारण्याच्या सवयीने तर विचित्र वळण घेतलं. क्रोम आणि फायरफॉक्स २०२२ मध्ये १०० व्या आवृत्तीला पोचत होते. काही संकेतस्थळं आकड्यातले पहिले दोनच अंक वाचत असण्याची भीती होती, म्हणजे १०० चं १० होणार आणि ‘तुमचा ब्राउझर फार जुना आहे’ असा निरोप मिळणार. दोन्ही ब्राउझरांच्या लोकांनी महिनोन्‌महिने आधीपासून चाचण्या घेतल्या, म्हणून तो टप्पा शांतपणे पार पडला.

कंपॅट फाईल लिहिली म्हणून काम संपत नाही, ती खरी ठरते का ते पाहावं लागतं. भाग तीन पायथनांवर आणि तीन जँगोंवर चालतो असं म्हणायचं असेल, तर चाचण्या नऊ वेळा चालवायच्या. हे आता यंत्रच करतं. कोडमध्ये एक ओळ बदलली, की पडद्यावर नऊ चौकोनांचा तक्ता उभा राहतो आणि एकेक चौकोन हिरवा होत जातो. आठ हिरवे झाले आणि नववा लाल, तर तो लाल चौकोन बहुधा सर्वांत जुन्या जोडीचा असतो. मग प्रश्न येतो : या जोडीवर अजून किती लोक आहेत, आणि त्यांच्यासाठी आजची संध्याकाळ द्यायची का? असे कित्येक भाग पगाराशिवाय, नोकरी सांभाळून, रात्री जागून सांभाळले जातात. ते फुकट मिळतात, म्हणून त्यामागचे श्रम फुकट ठरत नाहीत.

आवृत्तीच्या आकड्यांतून हा सगळा व्यवहार सांगता यावा, म्हणून गिटहब या कोड सांभाळणाऱ्या संकेतस्थळाचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी एक पद्धत मांडली. ४.२.७ असा आकडा असेल, तर शेवटचा अंक दुरुस्तीचा, मधला नव्या सोयीचा आणि पहिला अंक बदलला, तर जुनं काहीतरी मोडलं आहे असं समजायचं. पद्धत उपयोगी आहे. पण कशाला मोडणं म्हणायचं, इथे ती अडते. अभियंते हायरम राइट यांनी गूगलमध्ये असताना केलेलं निरीक्षण असं, की वापरणारे पुरेसे झाले, की तुम्ही वचन दिलेलं असो वा नसो, तुमच्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागण्यावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतंच.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण ‘सिमसिटी’ या खेळाचं. विंडोज ३.१ च्या काळात लिहिलेल्या या खेळात एक चूक होती. मेमरीचा एखादा तुकडा परत केल्यावरही खेळ तो लगेच पुन्हा वाचायचा. जुन्या विंडोजमध्ये तो तुकडा तसाच पडून असायचा, म्हणून खेळ चालायचा. विंडोज ९५ मध्ये तो बंद पडू लागला. दोष खेळाचा होता, पण ज्याच्या घरी तो खेळ होता तो माणूस नव्या विंडोजलाच नावं ठेवणार होता. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी विंडोज ९५ मध्ये खास तजवीज केली. सिमसिटी चालू आहे असं दिसलं, की परत आलेली मेमरी लगेच दुसऱ्याला द्यायची नाही.

लिनक्सच्या गाभ्याचे चालक लिनस टोर्वाल्ड्स यांचा नियमही याच जातीचा आहे. गाभ्यातल्या बदलाने वापरकर्त्यांचे चालू प्रोग्रॅम मोडले, तर तो गाभ्याचाच दोष मानायचा. २०१२ च्या डिसेंबरमध्ये हा नियम विसरलेल्या एका सहकाऱ्यावर ते जाहीरपणे फार कडक शब्दांत तुटून पडले होते. शब्द सौम्य असते तर बरं झालं असतं, पण नियम रास्त आहे.

याउलट, निव्वळ नावासाठी झालेली मोडतोड मनाला लागते. जावा भाषेच्या व्यावसायिक आवृत्तीतल्या भागांची नावं वर्षानुवर्षं ‘जावाएक्स’ या शब्दाने सुरू होत. ओरॅकलने २०१७ मध्ये तो प्रकल्प एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवला, पण जावा हे नाव ओरॅकलच्या मालकीचं राहिलं. जुन्या नावाखाली पुढे काही बदल करता येणार नाहीत, असं वाटाघाटींतून निष्पन्न झालं. शेवटी २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये ‘जावाएक्स’च्या जागी ‘जकार्ता’ आलं. काम तेच, वागणं तेच, बदलला फक्त शब्द. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या तिसऱ्या आवृत्तीने तो शब्द स्वीकारला आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या प्रणाली सांभाळणाऱ्या जगभरच्या चमूंना फाईली उघडून ओळीमागून ओळ बदलावी लागली. बदलणारी अवजारं आली खरी, पण जुन्या नावावर कंपाइल झालेला एखादा सुटा भाग मध्येच निघाला, की सगळं काम तिथे अडतं. एका कराराच्या कागदाची किंमत अशा हातांनी मोजली, ज्यांनी त्यावर सही केली नव्हती.

पायथन आणि डेल्फी यांनी मोडलं, त्यातून मात्र आपल्याला काहीतरी मिळालं. हजारो अनोळखी माणसांनी आपापले सुटे भाग पुन्हा तपासले, कंपॅट फाईली लिहिल्या, लाल चौकोन हिरवे केले. त्यातूनच देवनागरीतला मजकूर प्रोग्रॅमच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अखंड जाऊ लागला. मराठीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी या श्रमांची आठवण ठेवावी.

पण देवनागरीची सगळी गाठोडी अजून सुटलेली नाहीत. ‘अॅप’ आणि ‘ॲप’ हे दोन शब्द कागदावर सारखेच दिसतात. पहिल्यात अ आणि त्यावर वेगळी चंद्रखूण आहे, दुसऱ्यात एकच चिन्ह आहे, जे युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत दाखल झालं. यंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटतात. एकाचा शोध घेतला, तर दुसरा सापडत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र-सुद्धा दोन प्रकारांनी साठवता येतो आणि दोन्ही प्रकारांनी तसाच दिसतो. सुट्या भागाची आवृत्ती बदलली, की असे शब्द कुठेतरी तुटतात, शोधात हरवतात, छापताना चौकोन होतात. परदेशात बसलेल्या कर्त्याच्या चाचणीत हे शब्द नसतात, त्यामुळे त्याचे सगळे चौकोन हिरवेच राहतात.

म्हणून पुणे, मुंबई, नागपूर, पणजी किंवा सिॲटलमध्ये बसून असे भाग सांभाळणाऱ्या मराठी मुला-मुलींना एक विनंती. पुढच्या वेळी कोणताही भाग नव्या आवृत्तीवर नेताना चाचणीच्या यादीत ‘मराठी’, ‘दुसऱ्या’, दोन्ही प्रकारचं ‘ॲप’ आणि आपल्या आजीचं पूर्ण नाव देवनागरीत घाला. भाग दुसऱ्याचा असेल, तर ती चाचणी त्याच्या कर्त्याला पाठवून द्या. दहा-बारा ओळींचं काम आहे, आणि एकदा ती चाचणी तिथे गेली, की पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ती आपोआप चालेल.